काऊनखालची लाल रेघ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात छापील टी-शर्ट विकत घेण्याची रीत नाही. तो मिळतो. बियाण्याची कंपनी देते, खताचा दुकानदार देतो, निवडणूक आली की पक्षवाले गठ्ठ्यानं वाटतात. मग माणूस तो घालून फवारणी करतो, गोठा झाडतो, आणि शेवटी त्याचं फरशी पुसायचं फडकं होतं. त्यामुळे शेगावला मैत्रिणीच्या दुकानासमोर टेबल टाकून आम्ही दोघी टी-शर्ट विकायला बसलो, त्या गुरुवारी दर्शन करून येणारा जो तो थांबायचा, कापड चिमटीत धरायचा आणि विचारायचा, "कोन्त्या कंपनीचा हाय?"

"कंपनीचा नाई, आमचाच हाय."

"मंग फुकट नाई का?"

"फुकट कायले भेटन, काका?"

"छापेल हाय ना!" म्हणत काका पुढे जायचे. फसवणूक झाल्यासारखा चेहरा करून.

टी-शर्ट पांढरा होता आणि त्यावर छातीवर काळ्या अक्षरांत एकच शब्द होता. 'काऊन'. काऊन म्हणजे का. एक गृहस्थ आले, त्यांनी शब्द मोठ्यांदा वाचला, "काऊन?" मागे उभी असलेली त्यांची बायको वैतागून म्हणाली, "काऊन म्हंजे? पाय दुखून राह्यले म्हून उभी हाय!" आम्ही दोघी टेबलाखाली तोंड घालून हसलो. दिवसभरात विक्री नावालाच झाली, पण हसणं पोटभर झालं. मला अजूनही तो दिवस आठवला की आधी हसू येतं.

हे टी-शर्ट कशासाठी, ते सांगायला हवं. आमचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे गणपतीचं नव्हे. गावोगावची आणि परदेशातलीही मराठी माणसं एकत्र येऊन फावल्या वेळात, पगाराविना, मराठीसाठी सॉफ्टवेअर बनवायची. फोनवर आणि कॉम्प्युटरवर मराठी लिहायचा कीबोर्ड, आणि त्यात शब्द तपासणारी सोय. शब्द चुकला की खाली लाल नागमोडी रेघ यायची. सगळं फुकट, कुणीही घ्यावं. पण ते ज्या सर्व्हरवर चालायचं त्याचं भाडं कुणी माफ करत नव्हतं, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटायचं तर सभागृहालाही पैसे लागायचे. म्हणून मंडळानं टी-शर्ट, कप, स्टिकर विकायचे ठरवले आणि ते काम माझ्या गळ्यात आलं. बाकीच्यांना कोड लिहिता यायचा. मला हिशोब करता यायचा आणि भांडता यायचं. मंडळातले लोक त्याला मर्चंडाइज म्हणायचे. मी माल म्हणायचे.

मी लोणारची, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवते. मैत्रीण शेगावची. कॉलेजात असताना मी शेगावला होस्टेलवर राहत होते आणि ती घरचा डबा आणायची, तेव्हापासूनची आमची मैत्री. तो डबा तिनं फार कमी वेळा खाल्ला, बहुतेक मीच खाल्ला. पुढे तिनं लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकलं, आणि दुकानात बसल्या बसल्या मराठी टायपिंगच्या कटकटींवर मंडळाला इतक्या तक्रारी लिहिल्या की त्यांनी तिलाच आत घेतलं. तिनं मला ओढलं.

मंडळाच्या बैठका फोनवर व्हायच्या. तिथे मी शुद्ध बोलायचे. आपोआपच तसं व्हायचं, समोर पुणे आलं की माझी जीभ पाहुणी होते. ती मात्र बदलायची नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी जशी बोलायची तशीच बैठकीत. "मले हे पटून नाई राह्यलं," असं सरळ म्हणायची. मला तिची थोडी काळजी वाटायची आणि पुष्कळ अभिमान.

तिचं मंडळात एकच मागणं होतं. वऱ्हाडी शब्द कोशात घ्या. मले, तुले, काऊन, जाऊन राह्यलो, सगळे. कोशात शब्द असला की त्याखाली रेघ येत नाही, इतका साधा प्रकार. आणि या मागण्यामागे तिची आई होती.

आई, म्हणजे तिची माय, शेगावजवळच्या खेड्यात मुलाकडे राहायची. मैत्रिणीनं तिला फोन घेऊन दिला, त्यात आमच्याच मंडळाचा कीबोर्ड घातला, आणि माय एका बोटानं लिहायला शिकली. रोज लेकीला निरोप. "काऊन फोन नाई केला." "काऊन जेवली नाई." "काऊन एवढी काम करतं." मायचा प्रत्येक निरोप काऊननं सुरू व्हायचा. आणि काऊनखाली लाल रेघ. मायला वाटायचं, फोन आपल्याला चूक दाखवतोय. ती शब्द पुसायची, पुन्हा लिहायची, पुन्हा लाल. मैत्रिणीनं मग फोनमधली तपासणीच बंद करून टाकली. तर माय म्हणते कशी, "आता काऊन लाल नाई येत? बंद केलं का तू? म्हंजे चुकतच होती मी." त्यानंतर तिनं लिहिणं सोडलं. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायला लागली. गुलाब, वर इंग्रजीत गुड मॉर्निंग.

"तिची चौथी बुक झाली हाय," मैत्रीण मला म्हणाली होती, "जिंदगीत पयल्यांदा लिहून राह्यली होती माय. अन् तिले आपल्याच कीबोर्डानं गप्प केलं." तिला ती रेघ घालवायची होती. माय आहे तोवर. बंद करून नाही, शब्द बरोबर ठरवून.

मग तिनं शब्द गोळा केले. त्यावरून आमची काय भांडणं व्हायची! ती घाटाखालची, मी घाटावरची. आमच्या लोणारकडे जालन्याचा वारा लागलेला, आम्ही काहून म्हणतो. ती म्हणायची काऊन. "काहून हा काय शब्द हाय वं? हा 'ह' मदात कुठून आला?" ती विचारायची. "तुमी खाल्लेला 'ह' हाय तो," मी म्हणायचे. शेवटी दोन्ही घेतले. कोशात शब्द जायला मंडळातल्या जाणत्यांची संमती लागायची. ते म्हणाले, छान काम आहे, बघू.

टी-शर्टवर काऊन छापायची कल्पनाही तिचीच. आणि तिनं तो मुद्दाम नुसता छापला होता. स्वच्छ. खाली काही नाही. "माह्या मायचा शब्द हाय. तो असाच दिसला पायजे," असं तिचं म्हणणं. शेगावात फारसा कुणी घेतला नाही हे बैठकीत सांगितलं, तेव्हा मंडळातले सगळ्यात जुने गृहस्थ बोलले. पुण्याचे. सज्जन माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. ते म्हणाले, "त्यातला विनोद पोचत नाहीये. शब्दाखाली आपली लाल रेघ टाका, म्हणजे लगेच कळेल."

"तो विनोद नाहीच आहे," मी म्हणाले.

"हो, पण विकला तर जायला हवा ना?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "टाका रेघ. पन एक सांगतो मी. शब्द कोशात गेला का रेघवाले बंद, अन् बिनरेघेचे छापायचे. कबूल?" सगळे कबूल झाले. फोनच्या पडद्यावर अंगठेच अंगठे.

रेघवाला टी-शर्ट वाऱ्यासारखा खपला. पुणे, मुंबई, बंगळूर, अमेरिका. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कणकेचा डबा एका बाजूला आणि पाकिटं एका बाजूला असं सुरू झालं. रोज दुपारी मी पिशवी भरून पोस्टात जायचे. पोस्टातल्या बाई आधी रागवायच्या, मग त्यांनी माझ्यासाठी वेगळी पेटीच ठेवली. सासूबाई घड्या घालू लागायच्या आणि अधूनमधून विचारायच्या, "लोकं या 'काऊन'ले कायले पैसे देऊन राह्यले?" त्यांचा प्रश्न मला तेव्हा मजेशीर वाटला. सर्व्हरचं भाडं भरलं गेलं, पुण्याचं सभागृह ठरलं. मंडळानं माझं तोंडभरून कौतुक केलं, आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्या मेळाव्याला आम्ही दोघी शेगावहून रेल्वेनं गेलो. तिनं नवी साडी घेतली होती. डब्यात आलूबोंडे आणि हिरवा ठेचा. वाटभर ती बोलत होती. यंदा शब्द आत जाणार, मग मायच्या फोनमध्ये तपासणी पुन्हा चालू करायची, तिच्या समोर बसून, तिच्याच हातानं काऊन लिहायला लावायचं. "पाहायचं वं तिचं तोंड मले," ती म्हणाली.

सभागृहात पाय टाकला आणि आम्ही थबकलोच. जिकडे पाहावं तिकडे काऊन. दारावरच्या मुलीच्या अंगावर काऊन, चहावाल्याच्या मागे उभ्या असलेल्या चौघांच्या छातीवर काऊन, आणि प्रत्येकाखाली ती लाल नागमोडी रेघ. मी ते स्वतः घड्या घालून पाठवले होते, पण पाकिटात असताना ते वेगळं दिसायचं. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसून सगळ्यांना नमस्कार करत होती.

"काऊन बे!" कुणीतरी तिला हाक मारली. आमच्याकडे बाईला कुणी बे म्हणत नाही. पण त्यांना काय ठाऊक! मग एक चुणचुणीत मुलगी आली. "तुम्हीच ना त्या काऊनवाल्या? बोलून दाखवा ना काहीतरी!"

"काय बोलून दाखवू वं?" मैत्रीण म्हणाली. "मी त बोलूनच राह्यली."

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, तिनं विनोद केला.

दुपारी शब्दांचा विषय निघाला. ती उभी राहिली, तिनं मायची गोष्ट सांगितली, फुलांची चित्रंसुद्धा सांगितली. लोक हळहळले. खरोखर हळहळले, त्यात खोट नव्हती. मग चर्चा सुरू झाली. बोलींसाठी वेगळा कोश असावा का? आधी नियम ठरवायला नकोत का? आज वऱ्हाडी घेतली, उद्या अहिराणी, मालवणी, मग प्रमाण कशाला म्हणायचं? आणि मग मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "आणि काऊन आत घेतला तर टी-शर्टचं काय करायचं? रेघच जाईल की!"

अख्खं सभागृह हसलं. तीसुद्धा हसली. ती हसली म्हणून मला जास्त लागलं.

मी उठले आणि बोलले. आवाज चढला, शुद्धबिद्ध सगळं सुटलं. म्हटलं, तुम्ही शब्द चुकीचा ठेवून त्यावर मंडळ चालवून राह्यले, लाज वाटत नाही का? ते जुने गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. गंमत होती ती." विषय पुढच्या आवृत्तीवर गेला. पुढची आवृत्ती आली, तेव्हा त्याच्या पुढच्या आवृत्तीवर गेला. कुणीही कधी नाही म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. माझा आजही ठाम विश्वास आहे की कुणी ठरवून अडवलं नाही. पण रेघ होती तोवर पैसे येत होते, आणि ज्या गोष्टीनं पैसे येतात ती दुरुस्त करायची घाई कुणालाच नसते.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून होती. भुसावळ गेल्यावर एवढंच म्हणाली, "माय रोज विचारते, झालं का म्हून. आता तिले काय सांगू वं?" मी तिचा हात धरून बसले.

मी मंडळाला सांगितलं, बिनरेघेचे छापल्याशिवाय मी एकही पाकीट पाठवणार नाही. त्यांनी ते काम दुसऱ्या एकाकडे दिलं, तेही अगदी प्रेमानं, माझे आभार मानून. मैत्रीण मात्र चिकटून राहिली. दर बैठकीत, न रागावता, तेच मागणं. "मले फक्त तारीख सांगा," म्हणायची.

दिवाळीनंतर माय आजारी पडली. अकोल्याला दवाखान्यात नेलं, तिथेच गेली. मला रात्री तिच्या भावाचा फोन आला होता, पण घरात सासूबाईंचं दुखणं, मी तिसऱ्या दिवशी निघू शकले.

निघायच्या आधी मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजली आली. सुंदर मराठीत लिहिलेली. आणि तिच्याखाली त्या जुन्या गृहस्थांचा निरोप होता. आईंच्या स्मृतीला अभिवादन म्हणून 'काऊन' आणि सोबतचे सर्व वऱ्हाडी शब्द आजपासून कोशात घेत आहोत. मी माझ्या फोनवर लिहून पाहिलं. काऊन. खाली काही नाही. म्हणजे एवढंच होतं. ना बैठक लागली, ना नियम, ना वेगळा कोश. एका माणसानं सकाळी चहा पिता पिता केलं असणार. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, मग रागानं रडले. तरीसुद्धा, एसटीत बसले तेव्हा मनात होतं की मेहकर, खामगाव करत मी तिच्याकडे निदान हे तरी घेऊन जाते आहे. काहीतरी मिळालं हे तिला माझ्या तोंडून कळू दे, असं मला वाटत होतं. वेडीच मी.

खेड्यातलं तिच्या भावाचं घर माणसांनी भरलेलं होतं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मायच्या आठवणी काढत होत्या, "अशी काऊन गेली वं माय," म्हणत होत्या. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिला मिठी मारली. ती रडली नाही. शेजारी बसून मी हळूच म्हटलं, "रेघ गेली वं. काऊन आत गेला. सगळेच गेले आत. मी सोता लिहून पाह्यलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "त्यांना सांग, मी आभारी आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"अशी काहून बोलून राह्यली तू?"

"अशी म्हणजे? मला आता त्याचा काही उपयोग नाही, एवढंच. माझ्या आईला होता." मग पदर सावरून, "तू लांबून आलीस. जेवून घे."

मला. माझ्या. आलीस. आमच्याकडे असं शुद्ध कुणाशी बोलतात? तहसीलदाराशी, डॉक्टरशी, मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांशी. घरच्याशी नाही. तिनं भर सभागृहात, त्या सगळ्यांसमोर, कधी जीभ बदलली नव्हती. बाजूला बसलेल्या मामीशी ती लगेच वळून बोलली, "मामी, तुमी चा घेतला का? थांबा, मी आनतो." आणि परत माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा पुन्हा पाहुण्यांसाठीचा झाला. तेव्हा मला कळलं की भाषा नव्हती बदलली तिनं. मला हलवलं होतं, त्यांच्या बाजूला.

मला ओरडावंसं वाटलं. मी भांडले होते, मी काम सोडलं होतं, तुझ्यासाठी सोडलं होतं. माझ्यावर कशाचा राग? पण सुतकाच्या घरात ते कसं बोलणार! आणि रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती. ती फक्त नम्र होती. तिच्यासमोर बसून मी दोन घास गिळले, आणि त्या घासांची चव मला आजही सांगता येणार नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. चप्पल घालताना मी मनात वाक्य जुळवत होते, आमच्या बोलीतलं, जुनं, डब्याच्या दिवसांतलं. एकही जमलं नाही.

"सावकाश जा," ती म्हणाली. "पोचलीस की कळव."

"हो, कळवते," मी म्हणाले. "तू काळजी घे स्वतःची."

"घेईन."

त्या खेड्यात, तिच्या मायच्या दारात उभ्या राहून, आम्ही दोघी एकमेकींशी इतकं सुरेख मराठी बोललो की शब्दन् शब्द तपासूनही एकही चूक सापडली नसती. मग ती आत गेली आणि मी स्टँडवर आले.